सुनेची स्क्रिप्ट आणि पेटीतली अंडी

पोती बाजूला केली, पेटीचे दार उघडले आणि आत हात घातला. अंडी थंड होती. पुढचे एक उचलले, मधले उचलले, मागच्या रांगेतले उचलले. सगळी थंड. आतले दोन्ही बल्ब बंद होते. शेजारी टेबलावर कॉम्प्युटर मात्र चालू होता आणि सगळे ठीक असल्याचे दाखवत होता. मी चौथीपर्यंत शिकले आहे. पडद्यावरचे 'ओके' मला वाचता येते.

सून माझ्या मागेच उभी होती. तिने पेटीत हात घातला नाही. माझ्या तोंडाकडे पाहिले आणि खाली बसली.

"मेली का हो, आई?"

"मले का माहीत. थंडी आहेत एवढं खरं."

"फोडून पाहू का एक?"

"फोडलं तं ते नक्की मरते," मी म्हणाले. "ऊठ. आधी बल्ब लाव."

अंडी आमची नव्हती. आमची असती तर मी हे लिहायला बसले नसते. ती गावातल्या बायांची होती आणि सुनेच्या शब्दावर त्यांनी दिली होती.

आमचे गाव धानोऱ्यापासून आत, जंगलाला लागून. त्या वर्षी पावसाळा सरताना मानमोडी आली. हा कोंबड्यांचा रोग. मान वाकडी होते, कोंबडी जागच्या जागी गोल फिरते आणि पडते. थोड्या दिवसांत गावातल्या बहुतेक कोंबड्या गेल्या. ज्या उंच झाडांवर झोपायच्या त्या काही वाचल्या. आमच्याकडची कोंबडी अंगाने लहान असते, पण काटक. घार आली तर पिल्लांसाठी अंगावर जाते, मुंगसाच्या तावडीतून पळून येते. पांढरी फार्मची कोंबडी इथे आणून सोडली तर आठवडाभर टिकत नाही. आमच्या बायांना ही गावरानच पाहिजे. पाहुणा आला तर ती, देवाला ती, दवाखान्यात जायची वेळ आली तर विकायलाही तीच.

वाचलेल्या कोंबड्या अंडी देत होत्या, पण ती उबवायला खुडूक बसायला तयार नव्हत्या. रोगातून उठलेली कोंबडी बसत नाही. तेव्हा बचत गटाच्या अध्यक्ष बाईंनी बैठक बोलावली. ह्या बाई गोंड, माझ्याच वयाच्या, आवाज पाटलासारखा. सून गटाचा हिशेब पाहायची म्हणून तीही होती. तिने सांगितले, अंडी एका जागी आणा, मी पेटीत उबवून देते.

"पेटीत? कपड्याच्या?" अध्यक्ष बाईंनी विचारले.

"बल्बच्या."

"बल्ब काय कोंबडी आहे का वं?"

"कोंबडी कुठी आहे आता तुमच्याकडे बसायले?"

बायांनी अंडी आणली. प्रत्येकीने कोळशाने आपली खूण केली, कोणी रेघ, कोणी फुली, कोणी टिकली. पेटी भरली, अंडी उबायला लागली आणि मग रोग परत आला. ह्या वेळी झाडावरच्याही गेल्या. आता गावात त्या जातीचे जे काही होते ते पेटीतच होते. अध्यक्ष बाई रोज येऊन पेटीजवळ उभ्या राहायच्या, आपल्या खुणेची अंडी मोजायच्या आणि जायच्या. त्यांचे ते मोजणे सुनेला फार लागायचे.

पेटी बनवली धानोऱ्याच्या मिस्त्रीने. रेडिओ, पंखे, टॉर्च, सगळे दुरुस्त करतो. त्याच्या दुकानात एक बंद पडलेला फ्रीज होता. त्याने त्यातले यंत्र काढले, बल्ब बसवले, पाण्याची ताटली ठेवायला जागा केली.

"बाई, कंपनीनं हा थंडा कराले बनवला, मी गरम कराले बनवून दिला," तो म्हणाला. "कंपनीले सांगू नका."

बल्ब किती वेळ लावायचा आणि केव्हा बंद करायचा हे कॉम्प्युटर ठरवायचा. पेटीतल्या थर्मामीटरची तार त्याच्या पाठीत जायची आणि दुसरी तार एका डबीत. पेटी गार झाली की डबी टक करायची आणि बल्ब लागायचे. गरम झाली की पुन्हा टक, आणि बंद. हे करणारा प्रोग्राम सुनेने स्वतः लिहिलेला नव्हता. परदेशातल्या लोकांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला होता. ज्याला पाहिजे त्याने घ्यावा, बदलावा, बदल केलेला परत सगळ्यांना द्यावा. सून गडचिरोलीला जाऊन इंटरनेटवरून असले प्रोग्राम आणायची, दुरुस्त करायची आणि पुढच्या खेपेला परत पाठवायची. लग्नाआधी ती कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून क्लासमध्ये शिकवायची. ह्या कामाचे तिला कोणी काही देत नव्हते. मी एकदा म्हटले होते, फुकटची कामे घरात कमी आहेत का? तर म्हणाली, हे फुकटचे असले तरी नीट करायचे असते.

"तिकडं लोक काय उबवतेत ह्याच्यावर?" अध्यक्ष बाईंनी विचारले होते.

"ते दारू आंबवतेत," सून म्हणाली. "जवाची. पिंपाचा थंडपणा सांभाळाले लागते."

अध्यक्ष बाई हसत सुटल्या. आमचा जिल्हा दारूबंदीचा. "दारूबंदीच्या जिल्ह्यात दारूचं मशीन आणलं का वं तुझ्या सुनेनं! पोलीस आले तं मी सांगीन, हे अंडे माहे नोहोत."

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते व्यवस्थित चालले. आठवडा उलटल्यावर अंड्यामागे टॉर्च धरली तर आत लाल शिरा दिसायच्या. पण ती लोडशेडिंगची वर्षे होती. वीज दिवसातून कितीदा जाईल ह्याचा नेम नाही. घरी मिस्त्रीने आणून दिलेली जुनी बॅटरी होती, ती एके दिवशी बसली. गावातल्या बुद्धविहारात सोलरची मोठी बॅटरी होती आणि मुलांना शिकायला म्हणून आलेला एक कॉम्प्युटरही. म्हणून पेटी विहारात न्यायचे ठरले.

दुपारी सून आधी तिथे गेली आणि त्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम तयार करत बसली. हे 'तयार करणे' मला नंतर समजले, ते इथेच सांगते. असल्या मोकळ्या प्रोग्रामचे पीठ मिळत नाही, धान्य मिळते. ज्याने त्याने आपल्या घरच्या जात्यावर दळून घ्यायचे. दळायच्या आधी एक स्क्रिप्ट चालते. स्क्रिप्ट म्हणजे ओळीने लिहिलेले हुकूम. ह्या मशीनमध्ये काय आहे ते बघ, काय नाही ते बघ, अमुक फाईल वाच, मग दळायला लाग. हे हुकूम वाचून कामे करणारा जो आत बसलेला असतो त्याला शेल म्हणतात.

सगळ्या मशीनवर त्याला हाक मारायचे नाव एकच. पण बसलेला एकच नसतो. गावोगाव तलाठी असतो, नाव सगळीकडे तलाठी. एक तलाठी तुम्ही अर्धे बोललात तरी पुढचे समजून घेतो. दुसरा नियमात आहे तेवढेच करतो, नियमाबाहेरचा शब्द निघाला की मान वर करत नाही. सुनेच्या घरच्या कॉम्प्युटरवर पहिल्या तऱ्हेचा होता. विहारातला कॉम्प्युटर नव्या सीडीवरून चालू केलेला होता. ती सीडी परदेशातून पोस्टाने फुकट आली होती. तिच्यात दुसऱ्या तऱ्हेचा होता. लहान, चपळ आणि नियमाचा. सून पहिल्याशी बोलून बोलून सवयीची झाली होती. दुसऱ्याशी तिची गाठ पडलेली नव्हती.

तिने आमच्या पेटीची माहिती वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवली होती. थर्मामीटर कोणता, बल्ब किती आणि गरमी कोणत्या अंशात मोजायची. तिकडच्या लोकांचे अंश वेगळे. आमच्या अडतीसला अंडी उबतात. त्यांच्या अडतीसला पाणी गोठायला आलेले असते. ही फाईल आधी वाच, असा हुकूम तिने स्क्रिप्टमध्ये लिहिला होता. त्या हुकमाचे नाव 'सोर्स'. मोठ्या शेलला तो माहीत. लहान शेलला त्या नावाचा हुकूमच नाही. फाईल वाचलीच गेली नाही, म्हणून प्रोग्रामने अडतीस हे तिकडच्या अंशात धरले आणि पेटी थंड झाली तरी त्याच्या हिशेबाने ती गरमच होती.

स्क्रिप्टने सांगितले नाही असे नाही. सोर्स सापडत नाही, अशी एक ओळ पडद्यावर आली होती. पण स्क्रिप्ट तिथे थांबली नाही, पुढचे हुकूम करत गेली. त्या ओळीच्या मागून शेकडो ओळी आल्या आणि ती वर निघून गेली. शेवटी 'झाले' असे आले. सुनेने शेवटचे वाचले.

मग आम्ही दोघींनी आणि अध्यक्ष बाईंनी अंडी कोंड्याच्या टोपल्यांतून नेली. अंडी गरम होती, पेटी आम्ही आधीच गरम पाण्याचे डबे ठेवून तापवली होती. तेव्हा बल्ब बंद होते ते बरोबरच वाटले. पेटी गरम आहे म्हणून डबी टक करत नाही, असे सून म्हणाली.

"थोडं थांबून पाहते मी," तिने सांगितले. "गार झाली की लागते का नाही ते पाहून येते घरी."

"पाहाचं नाई," अध्यक्ष बाई म्हणाल्या.

आमच्याकडे बसलेली कोंबडी एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायची झाली तर संध्याकाळी नेतात, वर टोपली घालतात, टोपलीवर पोते, आणि सकाळपर्यंत कोणी तिकडे फिरकत नाही. डोकावले की ती उठते आणि मग त्या अंड्यांवर परत बसत नाही. हे सगळ्या घरांत आहे. माझ्या घरात, अध्यक्ष बाईंच्या घरात, सुनेच्या माहेरी. अध्यक्ष बाईंनी पेटीवर पोती घातली. मी दोन पोती आणखी घातली. सुनेने टोकाचे पोते ओढून नीट केले. पेटीत कोंबडी नाही, हे तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आले नाही. कोणाला विचारले असते तर तिने सांगितले असते, हो, नाही कोंबडी. पण कोणी विचारले नाही. विहाराला कुलूप लावले आणि घरी आलो. हिवाळा होता.

सकाळी पोती काढली तेव्हाचे वर लिहिले आहे.

सुनेने तारा काढल्या आणि बल्ब सरळ बॅटरीला जोडले. ते भकदिशी लागले. मी म्हटले, एकदम तापवू नको. थंडीने आखडलेल्या माणसाला आपण चुलीत घालत नाही. तिने एक बल्ब काढला. मग ती थर्मामीटर पाहत पेटीजवळ बसली. काटा चढला की तार काढायची, उतरला की लावायची. एवढ्यात अध्यक्ष बाई आल्या. सुनेने त्यांना काही लपवून सांगितले नाही.

"रातभर बल्ब लागलाच नाई, बाई. माह्या प्रोग्रामनं लावला नाई."

अध्यक्ष बाईंनी पेटीत हात घातला. बराच वेळ तसाच ठेवला.

"मग हे काऊन तापवून राह्यली? भाजी कराची आहे का?"

"मेली का नाई ते माहीत नाई अजून."

"तुले काय माहीत आहे?"

अध्यक्ष बाई बाहेर गेल्या. मला वाटले गावभर सांगायला गेल्या. त्या आपला पाट घेऊन परत आल्या, पेटीसमोर टाकला आणि सुनेला म्हणाल्या, "सरक. तू जाऊन तुह्या मशीनचं पाहा. तार काढाची आणि लावाची, एवढं मले येते."

दिवसभर आम्ही दोघी म्हाताऱ्या कॉम्प्युटरचे काम करत बसलो. काटा वर गेला की अध्यक्ष बाई म्हणायच्या 'टक', आणि मी तार काढायची. काटा खाली आला की 'टक', आणि मी लावायची. मधे मिस्त्री आला. त्याने सगळे पाहिले आणि म्हणाला, "बाई, ह्यापेक्षा फ्रीज थंडाच बरा होता." अध्यक्ष बाईंनी त्याला चहा आणायला पाठवले.

दुपारी माझ्या मुलाचा फोन आला. तो माजरीला कोळशाच्या खाणीत कामाला. त्याला सांगितले तर म्हणाला, "आई, एवढं काय त्यात? इथून बाजारातून ट्रेभर अंडे घेऊन येतो." बाजारच्या अंड्यात कोंबडा नसतो, त्यातून पिल्लू निघत नाही, हे त्याला सांगण्यात वेळ घालवला नाही. फोन ठेवला.

सून तिकडे टेबलाशी बसून ओळी वर वर नेऊन वाचत होती. संध्याकाळच्या आत तिला ती ओळ सापडली. तिने मला बोलावले आणि बोट ठेवून दाखवली. मग तिने मला दुसरी गोष्ट सांगितली. ती तिने सांगितली नसती तरी चालले असते. काही आठवड्यांपूर्वी परदेशातल्या, पण आपल्यासारख्याच अंशात मोजणाऱ्या कोणा माणसाने तिला इंटरनेटवर लिहिले होते की तुझा बदल घेतल्यापासून माझ्या मशीनवर अंश चुकतात, स्क्रिप्ट पाहशील का? तिने स्वतःच्या मशीनवर चालवून पाहिले, बरोबर चालले. तिने उत्तर दिले, माझ्याकडे चालते.

"आणि त्याचं काय झालं?" मी विचारले.

"त्याचं दारूचं पिंप गोठलं."

अध्यक्ष बाई पेटीजवळूनच म्हणाल्या, "त्याची दारू गोठली, आपले अंडे. सारखंच झालं."

'माझ्याकडे चालते' हे उत्तर कॉम्प्युटरवाल्यांत फार चालते म्हणे. आमच्याकडेही चालते. हातपंपाला पाणी नाही म्हणून पंचायतीत गेले तर तिथला माणूस म्हणतो, माझ्या दारचा तर येते. मी हे सुनेला बोलून दाखवले. तिला राग आला नाही. म्हणाली, "हो. तसंच झालं."

दुरुस्ती छोटी होती. फाईल वाचायला सांगण्याचा एक जुना हुकूम आहे, तो म्हणजे नुसता एक ठिपका. तो सगळ्या शेलना समजतो, मोठ्याला, लहानाला आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्यालाही. सुनेने सोर्स काढून ठिपका घातला. मग तिने वरून दुसरा हुकूम लिहिला की कुठेही अडखळले तर तिथेच थांबायचे, पुढे जायचे नाही आणि शेवटी 'झाले' म्हणायचे नाही. मला विचाराल तर ती खरी दुरुस्ती. एवढ्यावर ती थांबली नाही. सगळी स्क्रिप्ट वाचून मोठ्या शेलच्या सवयीने लिहिलेले जेवढे होते तेवढे काढले. त्यात तिचे पुढचे दिवस गेले आणि तोवर पेटीजवळ आम्ही दोघी रात्रंदिवस पाळीने बसलो. घरच्या मशीनवर चालवले, विहारातल्या मशीनवर चालवले, गडचिरोलीच्या क्लासमध्ये तिसऱ्याच तऱ्हेचे मशीन होते तिथे बसने जाऊन चालवले. तिथे आणखी एक निघाले, ते काढले. त्या परदेशी माणसाला लिहिले की तुझे बरोबर होते, माझ्याकडे अंडी आहेत, ती थंड झाली. त्याचे उत्तर आले की अंडी कसली?

पेटी परत कॉम्प्युटरला जोडली त्या दिवशी गटातल्या बाया विहारात जमल्या. पोती घालायला कोणी तयार नव्हते. दार उघडे ठेवून पेटी गार होऊ दिली. डबीने टक केले, बल्ब लागले. दार लावले. थोड्या वेळाने पुन्हा टक. एका बाईने विचारले, आता झाकायचे का? अध्यक्ष बाई म्हणाल्या, "झाकाचं काऊन? ही काय कोंबडी आहे उठून जायले?"

टॉर्च धरून अंडी पाहायचे काम आम्ही थोडे दिवस टाळले. मग पाहिले. काहींत शिरा होत्या आणि आत हलत होते. काहींत नुसता काळा गोळा, हलवला तर पाण्यासारखा फिरणारा. ती काढून टाकली. ज्यांच्या खुणा होत्या त्यांना ती दाखवली. एक बाई निघून गेली आणि नंतर गटात आली नाही. तिची सगळीच गेली होती. सुनेने तिच्या घरी जाऊन सांगितले की जी निघतील त्यातली तुम्हाला देऊ. बाई म्हणाली, दुसरीची नको. सून रडत परत आली. मी तिला गिरणीवर पाठवले, दळण पडले होते.

राहिलेली अंडी उशिरा फुटली. कोंबडीखाली ज्या दिवशी फुटायला पाहिजेत तो दिवस आला आणि गेला. अध्यक्ष बाई पेटीशी कान लावून बसायच्या. सुनेचे जेवण सुटले होते. बायांनी आता तिच्याशी बोलणे कमी केले होते आणि समोरून आली की बाजूने जायच्या. मग एका सकाळी एका अंड्याला चीर दिसली. दिवसभर चीरच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यातून पिल्लू निघाले. ओले, पाय फाकलेले, उभे राहता येईना. मागून बाकीची निघत गेली. काहींनी चोच बाहेर काढली आणि तिथेच राहिली. सोडवायला हात लावू नये म्हणतात, पण अध्यक्ष बाईंनी एकदोघांना नखाने सोडवले. त्यातले एक जगले.

एकूण सतरा पिल्ले निघाली. तीन थोड्या दिवसांत मेली, एक मांजराने नेले. तेरा जगली, नऊ माद्या आणि चार नर, म्हणजे गावात ती जात पुढे चालायला पुरे.